विषय: तुमचं ‘डबलसीट बॉबर किट’ आणि आमच्या सौ.चं वजन

कोल्हापूर, दि. ४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक
(हे पत्र कस्टमर केअरकडे वळवू नये. त्यांच्याशी माझं बोलून झालंय. सात वेळा.)

महोदय,

काल दुपारी तुमच्या माणसाने मला पाच स्टार द्यायला सांगितलं आणि फोन ठेवला. रात्र मधे जाऊ दिली, म्हटलं शांत डोक्याने लिहू. जमेल तेवढं शांत लिहितो.

किट तुम्हीच बनवता, तेव्हा थोडक्यात सांगतो: स्प्रिंगची पुढची सीट, मागचं छाटलेलं मडगार्ड आणि त्या मडगार्डवर बसणारी मागची सीट. १८,४०० रुपये मोजलेत, बिल जोडलंय. गाडी १९८७ ची बुलेट, साडेतीनशे, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. माझ्या वडिलांची. मागचं मडगार्ड गंजलं होतं, सीट फाटली होती आणि पोरानं मोबाइलवर बॉबरचे, म्हणजे मडगार्ड छाटून हलक्या केलेल्या गाड्यांचे, फोटो दाखवून दाखवून डोकं खाल्लं होतं. मलाही आवडल्या, खोटं कशाला बोला. सौ.ची एकच अट होती. ‘मी मागं बसणार असेन तर कर, नाहीतर भिंतीला टेकवून ठेव आणि फोटो काढत बस.’

म्हणून तुमचं किट घेतलं. दुसऱ्यांची स्वस्त होती, पण ती एका माणसाची होती. तुमच्या जाहिरातीत ‘डबलसीट’ हा शब्द तीन ठिकाणी आहे, खोक्यावर चौथ्यांदा. खोक्यावर चित्रही आहे. मागे एक बाई एका बाजूला पाय टाकून बसलीय आणि तिची ओढणी वाऱ्यावर उडतेय. साडी गार्ड नसलेल्या गाडीवर ओढणी उडतेय! हे चित्र ज्याने पास केलं त्याला एकदा मागे बसवून पन्हाळ्यापर्यंत न्या, एवढीच विनंती.

१९ जानेवारीला, रविवारी, जोतिबाला गेलो. जाताना काही नाही. उतरताना घाटात एका खड्ड्यात गाडी आपटली, मागे कट्ट असा आवाज झाला, मग टायर घासल्याचा वास आला आणि मग सौ.चा आवाज आला. मागची सीट पाठीमागे कलंडली होती. धरायला हँडल नाही, कारण तुमच्या किटमध्ये ते येतच नाही. तिने माझा शर्ट धरला. वरची तीन बटणं गेली, माणूस राहिलं. बुलेटची चेन डावीकडे, बायकांचे पायही डावीकडे. पदर चेनपर्यंत पोचायच्या आत गाडी थांबली, ती देवाची कृपा. तुमच्या माहितीपत्रकात मात्र पान दोनवर लिहिलंय, ‘साडी गार्ड काढून टाका, लूक खुलतो.’ सौ.ची टाच सोलटली. केर्लीपर्यंत ती मागून येणाऱ्या वडाप जीपमधून आली आणि मी एकटा, टायर घासत.

उद्यमनगरात तीस वर्षं लेथवर उभा आहे, त्यामुळे घरी आल्यावर पहिलं काम केलं ते व्हर्निअर लावायचं. मडगार्डचा पत्रा १.२ मिलिमीटर. बरं, पातळ तर पातळ. खालून एक आडवी पट्टी दिली असती तर तोही टिकला असता. पण तुम्ही मडगार्डचं पुढचं टोक चेसिसला आवळलंय आणि मागचं टोक त्या दोन शोभेच्या पट्ट्यांवरून स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरून वर-खाली हलणाऱ्या भागाला. चेसिस जागेवर राहते. शॉकअप दबला की स्विंगआर्म वर येतो. मधे सापडलं मडगार्ड. म्हणजे दर खड्ड्याला ते वाकतं आणि परत सरळ होतं. पक्कड जवळ नसली की तार आपण कशी तोडतो? तश्शी. एकट्याने चालवताना शॉकअप फार दबत नाही, म्हणून दोन महिने कळलं नाही. मागे माणूस बसला की तुमचं डिझाइन कामाला लागतं.

फोटो जोडलेत, तुमच्या इंजिनिअरला दाखवा. असला तर. पुढच्या दोन बोल्टांच्या भोकांतून चीर निघालीय, तीन इंच. तिच्या कडा दोन रंगांच्या आहेत. भोकाजवळचा भाग काळपट, गंजलेला, म्हणजे तिथे पत्रा कधीचाच तुटला होता. पुढचा भाग चकचकीत, तो त्या रविवारचा. चकचकीत भागावर जोतिबाचा गुलाल बसलाय, तो मी मुद्दाम पुसलेला नाही.

आता कालच्या फोनबद्दल. आधीच्या सहा फोनांत मला ‘तुमचा कन्सर्न समजू शकतो’ हे वाक्य अकरा वेळा ऐकायला मिळालं, ते सोडून देतो. काल मात्र खालचा संवाद झाला. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ‘ट्रेनिंगसाठी’ करता ना? मग ऐका.

तुमचा माणूस म्हणाला, “सर, एक माहिती लागेल. मॅडमचं वेट किती आहे?”

फोन स्पीकरवर होता. सौ. शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. शेंगांचा आवाज थांबला.

मी विचारलं, “कशाला पाहिजे?”

“सिस्टिममध्ये टाकावं लागतं सर. कॉलम आहे.”

“माझं नको?”

“नाही सर, फक्त पिलियनचं, मागे बसणाऱ्याचं.”

मी म्हटलं, खोक्यावर वजनाची मर्यादा कुठे लिहिलीय ते आधी सांगा. तो म्हणाला, लिहिलेली नाही सर, तो इंटर्नल डेटा आहे, पन्नास किलोचा. इंटर्नल डेटा! म्हणजे मागची सीट किती पेलते हे तुम्हाला माहीत, आणि त्या सीटवर जी बसणार तिच्यापासून ते लपवलेलं. पन्नास किलोत आमच्याकडे नववीतलं पोरगं बसतं.

तेवढ्यात सौ.नी फोनकडे तोंड करून सांगितलं, “बासष्ट. लिहून घ्या. आणि तुमच्या साहेबांचं किती ते पण विचारून ठेवा.”

पलीकडून टायपिंगचा आवाज आला. खरंच लिहून घेतलं त्याने! मग म्हणाला, “ओके सर. मग हे वॉरंटीत नाही येत. हा कस्टमर साइड इश्यू आहे.”

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात मी तिला बरंच काही म्हटलं असेल, पण ‘कस्टमर साइड इश्यू’ कधी म्हटलं नाही. आणि वर त्याने मला शिकवलं, “ॲक्च्युअली सर, बॉबर म्हणजे सिंगल सीटच असते.”

अहो, ते मला माहीत आहे. अमेरिकेत तीसच्या-चाळीसच्या दशकांत पोरांनी वजन कमी करायला पुढचं मडगार्ड काढलं, मागचं छाटलं, त्यातून हे बॉबर आलं. त्यांनी कुणाला डबलसीट न्यायचं वचन दिलं नव्हतं. जावाची पेराक २०१८ मध्ये दाखवली, ती एका सीटची आणि तसं सरळ सांगून. एनफिल्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये गोअन क्लासिक काढली, तिची मागची सीट काढता-घालता येते. म्हणजे बॉबरवर दोन माणसं बसवता येतात, आधी नीट विचार करावा लागतो एवढंच. ‘डबलसीट’ हा शब्द खोक्यावर मी छापलेला नाही.

कायद्याचंही बोलू. मागे माणूस बसवायचा तर सीट गाडीला पक्की बसवलेली पाहिजे, हे मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ सांगतं. केंद्रीय नियमावलीतल्या नियम १२३ प्रमाणे धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं निम्मं तरी चाक झाकणारं गार्ड पाहिजे. या तिन्हींपैकी तुमच्या किटमध्ये फक्त फूटरेस्ट आहे आणि असलेलं गार्ड काढायचा सल्ला फुकट आहे. शिवाय कलम ५२. नोंदणीतल्या तपशिलाविरुद्ध गाडी बदलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते स्पष्ट केलंय. ‘सगळं नट-बोल्टवर, आरटीओची कटकट नाही’ या तुमच्या वाक्याला मी भुललो. ती चूक माझी, लिहून देतो. २०२७ ला गाडीचं पासिंग आहे, तोवर मूळ मडगार्ड माळ्यावरून खाली येईल, गंज घासून बसेल. वडिलांनी चेसिसला कटर लावू दिला नसता, मीही लावला नाही, एवढंच काय ते सुदैव.

मला नवीन मडगार्ड नको. तिसऱ्या फोनवर ‘गुडविल म्हणून’ देऊ केलेलं दहा टक्के सवलतीचं कूपनही नको. त्या कूपनवर मी काय घेऊ, दुसरं किट? पूर्ण १८,४०० रुपये परत पाहिजेत. ज्यांना ज्यांना हे किट विकलंय त्यांना ‘मागे कुणाला बसवू नका’ असं लेखी कळवा, आणि ते आजच कळवा, माझे पैसे उद्या दिलेत तरी चालतील. खोक्यावर पन्नास किलो ठळक अक्षरांत छापा आणि ती ओढणीवाली बाई काढून टाका. आणि आमच्या घरातल्या बाईला वजन विचारल्याबद्दल माफी, तीही लेखी. फोनवर नको, फोनवरचं तुमचं बोलणं पुरे झालं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. तक्रारदार राहतो तिथेच आता दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही, हे वाचून ठेवलंय. तुटकं मडगार्ड गुलालासकट पुरावा म्हणून नेईन. तुमच्या वकिलाला कोल्हापूरला यावं लागेल. आल्यावर त्याला जोतिबाच्या घाटातून डबलसीट फिरवायची जबाबदारी माझी, पन्नास किलोच्या आत बसत असेल तर.

खरं सांगू, तुमची स्प्रिंगची पुढची सीट चांगली आहे. शिवण एकदम सरळ, कातडं मऊ. ती उघडून बघितली तेव्हा वाटलं होतं, कुणीतरी मन लावून केलंय काम. मग त्याच माणसाला मागची सीट का नाही दिली करायला?

आपला,
एक डबलसीट ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, फोटो ६, सातही फोनांच्या तारखा व वेळा.

ता. क. सौ.नी काल संध्याकाळी पिठाच्या गिरणीत काट्यावर पुन्हा वजन केलं. साडेएकसष्ट भरलं. सिस्टिममध्ये दुरुस्ती करून घ्यावी.