दुबईतल्या खर्चाविषयी, संजयला

दुबई,
रविवार रात्र

प्रिय संज्या,
सप्रेम नमस्कार.

"तिकडं टॅक्स नाही, मग इथं कशाला मरायचं?" दुबईत ऑफिस काढायचं म्हणताना परवा फोनवर तू असं म्हणालास आणि मला नीट बोलता आलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय.

टॅक्स नाही ही गोष्ट जुनी झाली रे. २०१८ पासून इथं ५ टक्के व्हॅट आहे. जून २०२३ पासून ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर लागू झालाय. तुझ्या भागीदारी फर्मला ३० टक्के आणि वर उपकर, त्यापुढं हे कमीच, मान्य. पण कर नफा झाल्यावर लागतो. इथला खर्च नफ्याची वाट बघत नाही.

मी ऑफिस घेतलं तेव्हा मालकाच्या माणसानं करार पुढं सरकवला आणि वर्षाच्या भाड्याचे ४ चेक मागितले. एक त्या दिवसाचा, तीन पुढच्या तारखांचे, सह्या एकाच बैठकीत. डिपॉझिट वेगळं. भाडेकरार नाही तर लायसन्स नाही, लायसन्स नाही तर व्हिसा नाही, आणि लायसन्स दरवर्षी नवं करायचं. दुसरा चेक वटायच्या आठवड्यात एका गिऱ्हाईकानं माझं मोठं बिल थकवलं. तेव्हा मी तुझे फोन उचलले नव्हते, आठवतं? बोललो असतो तर रडलो असतो.

माणसं ठेवणंही स्वस्त नाही. आमच्यासारख्या परदेशी माणसाला पीएफ नाही, पण व्हिसा आणि आरोग्य विमा मालकाच्या खिशातून. शिवाय पहिल्या ५ वर्षांत दर वर्षामागं २१ दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडं १५ दिवसांचा.

आणि मुख्य म्हणजे तुझ्या फौंड्रीचं कास्टिंग, म्हणजे साच्यात धातू ओतायचं काम, कोल्हापूरजवळच्या शिरोलीतच होणार. भट्टीचं वीजबिल, भंगाराचा भाव, साचे करणाऱ्या मोल्डरचा पगार, यातलं काही दुबईत ऑफिस काढून कमी होत नाही. उलट इथलं भाडं त्यात वाढेल. तुझी मोठी ऑर्डर जर्मनीची आहे. तिथं जीएमबीएच, म्हणजे आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी, काढायची तर २५,००० युरोचं भांडवल लागतं, त्यातलं निम्मं नोंदणीआधीच भरायचं. तेही आत्ता नको. एलयूटी, म्हणजे निर्यातदारानं जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र, भरून ठेव, म्हणजे आयजीएसटी (निर्यातीवर लागणारा जीएसटी) न भरता माल शिरोलीहून थेट पाठवता येईल.

गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद पाठव, शेजारी माझे आकडे मांडून देतो. तरीही यायचंच ठरवलंस तर पहिलं वर्ष माझ्याच ऑफिसात बस, भाड्याचं मी बघतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अवी