तक्रार: धुळवडीनंतर पाणी तपासलंत का?

प्रति,
व्यवस्थापक (देखभाल व ग्राहक सेवा)

विषय: ४ मे २०२५ रोजी तुमच्या वॉटर पार्कात दिसलेली अस्वच्छता आणि त्यानंतरचे तीन फोन

महोदय,

स. न. वि. वि. लिहायला हात उचलत नाही, म्हणून थेट सांगतो.

२००९ साली मी मुलांना घेऊन सांगलीहून तुमच्याकडे आलो होतो. वेव्ह पूलच्या काठावर एक फळा होता. त्यावर दर दोन तासांनी पीएच आणि क्लोरीन लिहिलं जायचं. तुमचा माणूस नळीत पाणी घेऊन थेंब टाकत होता. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला, रसाचा पीएच जरा हलला की चीफ केमिस्ट आमची शाळा घ्यायचे. त्यामुळे तिथेच उभा राहून बघत बसलो. पोरं हसली. त्या दिवशी तुमच्याबद्दल जे मत झालं, त्याच जोरावर यंदा नातवंडांना आणलं.

फळा अजून आहे. शेवटची नोंद १४ मार्चची. म्हणजे धुळवडीची! रंगलेली गर्दी पाण्यात उतरली, त्यानंतर पन्नासेक दिवस पाणी तपासलं नाही, की फक्त खडू संपला?

पूलमध्ये उतरण्याआधी पाय बुडवायचं जे टाकं असतं ते कोरडं ठणठणीत, आत गुटख्याच्या पुड्या. भाड्याचे कॉस्च्युम ओलसर, इलॅस्टिक गेलेलं. निळ्या घसरगुंडीवरचा गुळगुळीत थर झिजून फायबर उघडा पडलाय, नातवाच्या मांडीला काचतंतू टोचले. प्रवेशद्वारावर मात्र नवा डायनासोर, तोंडातून धूर सोडणारा. त्याला पैसे होते.

आणि गेटवर आमचे भडंगाचे दोन पुडे काढून घेतले. कारण काय, तर आत कचरा होतो.

संध्याकाळी दोन्ही नातवंडांचे डोळे लाल, धाकटीला खोकला. पूलजवळ वास इतका उग्र की माझेच डोळे चुरचुरत होते. मग फोन. पहिला कट झाला. दुसऱ्यात तक्रार क्रमांक मिळाला. तिसरा जसा झाला तसाच लिहितो, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असणारच.

"सर, पाण्यात क्लोरीन असतं. वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ आहे."

मी म्हणालो, "ताई, नुसत्या क्लोरीनचा एवढा वास येत नाही. घाम आणि लघवीशी त्याची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतं. हा वास त्याचा, आणि डोळे चुरचुरतात तेही त्यानेच. वास वाढला म्हणजे पाण्यात घाण वाढली."

"सर, आपण डॉक्टर आहात का?"

"नाही. केमिस्ट."

"ओके सर. आपलं मेडिकल कुठे आहे?"

मी दोन सेकंद गप्प. मग सांगितलं की मेडिकल नाही, साखर कारखाना. पलीकडे टायपिंगचा आवाज. "सर, आपण स्वतः पाण्यात उतरला होतात का?" नाही, काठावर बसलो होतो. "मग सर, आपल्याला त्रास कसा झाला?" आणि माझी तक्रार 'वैद्यकीय' सदरात टाकून प्रथमोपचार कक्षाकडे पाठवली. त्यांचा फोन येणार होता, आज अकरावा दिवस.

त्या मुलीला दोष देत नाही. समोरचा कागद ती वाचत होती. तो कागद कोणी लिहिला, ते तुम्हाला माहीत आहे. मोकळं क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.८, हे मी तुम्हाला शिकवावं अशी वेळ नाही. पीएच आठच्या वर गेला की ओतलेलं क्लोरीन निम्मंही कामाला येत नाही, हेही तुमच्या पंपघरातल्या माणसाला ठाऊक असणार. आमच्या गावाकडे ग्रामपंचायतीचा पाणीवाला ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकून नळाच्या पाण्यातलं क्लोरीन बघतो. माणशी अकराशे रुपये तोसुद्धा घेत नाही.

पाय धुवायचं टाकं कोरडं होतं, हे पुन्हा लिहितो. त्याला नळ सोडण्यापलीकडे काहीही लागत नाही.

४ मेची पाणी तपासणीची नोंदवही आणि फिल्टर उलट्या प्रवाहाने धुतल्याच्या नोंदी पंधरा दिवसांत पाठवा, पाच तिकिटांचे पैसे परत करा. नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मी राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेला शुल्कही नाही. निवृत्त माणूस आहे, तारखांना यायला वेळच वेळ आहे.

तुमचा २००९ चा ग्राहक,
विश्रामबाग, सांगली

ता. क. भडंग परत नको.