दुःखाला गुण नकोत, हलगीला मज्जाव नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सामाजिक न्याय या विषयावर पुण्यात नुकत्याच झालेल्या एका पोएट्री स्लॅमला, म्हणजे मंचावर कविता सादर करण्याच्या स्पर्धेला, मी श्रोता म्हणून गेले होते. वस्त्यांमधल्या आणि महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी आपसांत वर्गणी काढून, सभागृह मिळवून हा कार्यक्रम उभा केला, याचे मला मनापासून कौतुक वाटते आणि तो दरवर्षी व्हावा असेही वाटते. म्हणूनच त्यातील दोन नियमांबद्दल जाहीरपणे लिहीत आहे. पहिला नियम कवितेला गुण देण्याचा, दुसरा वाद्य न वापरण्याचा.

हे दोन्ही नियम मूळ अमेरिकी स्लॅमचे आहेत. मार्क स्मिथ या बांधकाम मजुरी केलेल्या कवीने १९८०च्या दशकात शिकागोमध्ये हा प्रकार सुरू केला. विद्यापीठी काव्यवाचनांना कंटाळलेल्या सामान्य माणसाने कवितेकडे यावे, तिच्याबद्दल मोकळेपणाने मत द्यावे, हा त्यामागचा हेतू होता. प्रेक्षकांतून पाच परीक्षक निवडायचे, त्यांनी शून्य ते दहा गुण द्यायचे, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची बेरीज करायची, कवीला तीन मिनिटे द्यायची आणि वेशभूषा, वस्तू, वाद्य यांचा आधार घेऊ द्यायचा नाही, अशी ही पद्धत आहे. मद्यालयात जमलेल्या गर्दीचे लक्ष कवितेकडे वळवायला ती उपयोगी पडली असेल. परंतु विषय सामाजिक न्याय असतो, कविता स्वतःच्या घरातली असते, तेव्हा तीच पद्धत काय करते हे मी त्या संध्याकाळी पाहिले.

एका मुलीने कचरावेचक आईवर कविता म्हटली. तीत आक्रोश नव्हता. आई सकाळी कोणत्या इमारतीपासून सुरुवात करते, ओला आणि सुका कचरा एकत्र आला की तो हातांनी कसा निवडावा लागतो, वापरलेले पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करा असे कितीदा सांगूनही ते तसेच उघडे कसे टाकले जातात आणि संध्याकाळी भाकरी थापण्याआधी ती साबणाने किती वेळ हात धूत बसते, एवढेच तिने ओळीने सांगितले. ज्या शहरात कचरावेचक १९९३ पासून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ म्हणून संघटित आहेत, त्या शहराला हे ऐकवणे मला फार मोलाचे वाटले. परीक्षकांनी मात्र पाट्या वर केल्या त्या सहा आणि सातच्या. तिच्यानंतर आलेल्या मुलाच्या कवितेत मारहाण होती, रक्त होते, त्याला नऊच्या वर गुण मिळाले. त्याचेही दुःख खरेच होते, त्याबद्दल मला शंका नाही. पण बाहेर पडताना ती मुलगी मैत्रिणीला म्हणाली, “पुढच्या वेळी जरा जास्त रडवणारं लिहिते.” हे ऐकून मी अस्वस्थ झाले. गुणांमुळे मुले अपमानाची बोली लावायला शिकणार असतील, तर त्यांच्या हातून नेमकेपणा जाईल, आणि अन्यायाचे रोजचे, न रडवणारे रूप कोणी लिहिणारच नाही.

दुसरी गोष्ट हलगीची. एक मुलगा हलगी घेऊन आला होता. वाद्य नियमात बसत नाही म्हणून त्याला ती खुर्चीवर ठेवून यायला सांगण्यात आले. हलगी वाजवणे मातंग समाजावर पिढ्यान्‌पिढ्या जातीचे काम म्हणून लादले गेले. त्याच समाजातल्या मुलाला ती स्वतःच्या शब्दांसाठी वाजवायची असेल, तर सामाजिक न्यायाच्या मंचाने त्याला अडवू नये. आपल्याकडे सामाजिक न्यायाची कविता वाद्यावाचून क्वचितच उभी राहिली आहे. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवरायांवर लिहिला तो पोवाडा, म्हणजे डफ-तुणतुण्याचा प्रकार. पुढे सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्यांतून आणि सोंगांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम, गावोगाव गेले तेही ढोलकीसह, तमाशाचा बाज घेऊन.

स्पर्धा आपल्याला परकी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे शाहीर शक्ती श्रेष्ठ की शिव यावर रात्रभर भांडत, आणि ऐकणारी मंडळीही अटीतटीने बाजू घेत. पण तिथे एकाच्या सवालाला दुसऱ्याने जबाब द्यायचा असे, त्यामुळे समोरच्याचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय कोणाचा निभाव लागत नसे. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ताने १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तेव्हा तिनेही सवालच केले होते. आमचा धर्म कोणता, हे तिने थेट देवाला विचारले. अशा लेखनाला दहापैकी किती गुण द्यावेत, हा प्रश्नच अस्थानी आहे.

तेव्हा संयोजकांना माझी विनंती आहे की तीन मिनिटांची मर्यादा आणि कोणालाही नाव देऊन मंचावर येण्याची मुभा जरूर ठेवावी, कारण तीच या प्रकाराची खरी ताकद आहे. गुणांच्या पाट्या काढून प्रत्येक कवितेनंतर श्रोत्यांपैकी एकाने उठून दोन वाक्यांत उत्तर द्यावे, किंवा पुढच्या कवीने आधीच्याचा सवाल उचलावा. हलगी, डफ, ढोलकी ज्याला हवी त्याला घेऊ द्यावी. आणि पुढचा कार्यक्रम ठरेल तेव्हा परिसरातील गृहनिर्माण सोसायट्यांच्या अध्यक्षांना आणि सचिवांना लेखी निमंत्रण देऊन पुढच्या रांगेत बसवावे, म्हणजे त्या मुलीच्या कवितेला ज्यांनी उत्तर द्यायला हवे ते समोर असतील. निमंत्रणे घरोघर पोहोचवण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, पर्वती, पुणे