घाटावर गाणार असाल तर आधी घाट ऐका

मा. संपादक,
स. न.

नदीसाठी समूहगानाचे कार्यक्रम अलीकडे गावोगावी होऊ लागले आहेत. वाईला तर त्यासाठी जागा शोधायला नको. कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवाचे सात घाट आहेत, प्रत्येकाची आळी ठरलेली आहे, आणि हिवाळा सरता सरता घाटावर बसून ऐकायची सवय गावाला पिढ्यान् पिढ्यांची आहे. तरीही पन्नास जणांचे वृंदगान घाटावर करायचे ठरले की पहिला फोन मांडववाल्याला जातो आणि दुसरा साउंडवाल्याला. घाटावर जाऊन एकदा टाळी वाजवून बघावी, हे कुणाच्या मनात येत नाही. समूहगान बसवणाऱ्यांच्या वतीने त्याबद्दल थोडे लिहीत आहोत.

स्टेज बहुतेक वेळा चुकीच्या टोकाला बांधले जाते. वरच्या सपाटीवर फळ्या टाकतात, मागे कापडी पडदा लावतात आणि गायकांची तोंडे नदीकडे करतात. आवाज मग खाली बसलेल्यांच्या डोक्यावरून थेट पाण्यावर जातो आणि मागचा पडदा उरलेला गिळतो. उलट करावे. गायकांनी खालच्या कोरड्या पायऱ्यांवर, नदीकडे पाठ करून उभे राहावे आणि श्रोत्यांनी वर चढत्या पायऱ्यांवर बसावे. प्रत्येकाला गायक दिसतो, म्हणजे सरळ ऐकूही येतो. गायकांच्या तीन रांगा कराव्यात, पण मागच्याने पुढच्या दोघांच्या मधल्या जागेत उभे राहून. नाहीतर मागच्या रांगेचा आवाज पुढच्यांच्या मानेवर आदळतो. ढोल्या गणपतीच्या देवळाच्या मागे मात्र गायकांना उभे करू नये. 1762 च्या त्या देवळाची मागची बाजू पुराचे पाणी दुभंगावे म्हणून मत्स्याकार बांधली आहे, आणि ती पाण्याप्रमाणे आवाजालाही दोन बाजूंना फेकते.

दोन्ही काठांवर गायक उभे करायचा मोह सगळ्यांनाच होतो. करावे, पण हिशेब करून. हवेत आवाज सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. दोन तुकड्यांमध्ये साठ मीटर अंतर असेल तर समोरचा सूर 0.17 सेकंद उशिरा पोहोचतो. मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत एक मात्रा 0.6 सेकंदाची, म्हणजे समोरचे लोक पाव मात्रेहून जास्त मागे पडलेले ऐकू येतात. ते तुमचे ऐकून गाऊ लागले की त्यांचे उत्तर तुमच्यापर्यंत अर्ध्या मात्रेहून अधिक उशिरा येते, मग तुम्ही थांबता, ते आणखी थांबतात आणि दहा ओळींत लय निम्मी होते. म्हणून दोन काठांना एकच ओळ एकत्र देऊ नये, सवाल-जबाब द्यावा. ओळ संपल्यावर एक मात्रा रिकामी सोडावी, आणि समोरच्या तुकडीने कानाने नव्हे तर डोळ्याने धरावे. संचालकाच्या हातात छोटी बॅटरी असली की पुरते.

वेळेचेही तसेच. दुपारी जमिनीलगतची हवा तापलेली असते, तेव्हा आवाज वर वळतो आणि पलीकडच्या काठाला ओठ हलताना दिसतात फक्त. सूर्य कलल्यावर पाण्यावरची हवा आधी गार होते, वर उबदार थर राहतो आणि आवाज खाली वाकून पाण्यालगत लांबवर जातो. फेब्रुवारीअखेर सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. पहिले गाणे त्याच वेळी सुरू करावे आणि आठच्या आत आटोपावे, कारण त्यानंतर दव पडते. दवाने तबल्याची पुडी सैल होऊन सूर उतरतो. तंबोऱ्याची पोलादी तार मात्र गारव्याने आक्रसते आणि चढते. पेटी जिथे आहे तिथेच. म्हणजे तासाभराने तीन वाद्यांचे तीन षड्ज (सा), आणि गाणारे त्यांतल्या सगळ्यात खालच्याकडे सरकतात. दुसरा तबला सुरात लावून कापडात गुंडाळून ठेवावा आणि मध्यावर बदलावा. कार्यक्रम चालू असताना हातोडीने गट्टे ठोकणे म्हणजे सूर गेला हे सगळ्या घाटाला सांगणे.

सूर कोणता धरायचा यावर तालमीचे निम्मे दिवस जातात. पुरुषांना काळी एक, म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी ‘सा’ धरणे, सोयीचे, बायकांना काळी चार. सर्वांना एकाच पट्टीत बसवले की एकतर बायका तळाशी पुटपुटतात किंवा पुरुष किंचाळतात. पण या दोन पट्ट्यांतले अंतर पंचमाचे, म्हणजे सा ते प, आहे: पुरुषांचा पंचम तोच बायकांचा षड्ज. जात्यावरच्या ओव्यांसारख्या चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या चाली काळी चारमध्ये सगळ्यांनी मिळून म्हणाव्यात, पुरुषांनी हवे तिथे खालच्या सप्तकात. मोठ्या पल्ल्याच्या चाली वाटून द्याव्यात, आणि पुरुषांनी पंचमावर थांबताच बायकांनी तोच स्वर षड्ज म्हणून उचलावा.

कृष्णेसाठी याहून चांगली रचना सुचणे कठीण आहे, कारण नदीनेच ती करून ठेवली आहे. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्या उगम पावतात असे मानतात, म्हणून पाच एकेकटे आवाज सुरुवातीला एकत्र यावेत. त्यांतली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते. तो आवाज दुसऱ्या कडव्यात गळावा आणि पुन्हा येऊ नये. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुली गावी कृष्णेला मिळते. तिथे सहा-आठ जणांनी अलगद मिसळावे, आवाज एकदम फुगू देऊ नये. कराडला मात्र प्रकार वेगळा आहे. उत्तरेकडून कृष्णा आणि दक्षिणेकडून कोयना अगदी समोरासमोर येतात आणि भेटल्यावर दोघी मिळून पूर्वेला वळतात. म्हणून डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, दोघे एकमेकांकडे तोंड करून. बायकांनी तार षड्जावरून (वरच्या सा वरून) खाली यावे, पुरुषांनी मंद्रातून (खालच्या सप्तकातून) वर चढावे, आणि दोघांची गाठ काळी चारवर पडावी. तो स्वर धरल्यावर शेजाऱ्यांनी आळीपाळीने श्वास घ्यावा, सगळ्यांनी एका जागी नव्हे. मग धरलेल्या स्वरावरच दोन्ही तुकड्यांनी श्रोत्यांकडे वळावे. घाटाच्या पायरीवर चालत जाण्यापेक्षा नुसते वळणे सुरक्षितही आहे.

पाऊस दाखवायला तळवे घासणे, मग चुटक्या, मग मांड्यांवर थापा, हे आता सगळेच करतात. एकदा चांगले वाटते. दुसऱ्या गाण्यात परत केले की श्रोते पावसाऐवजी चुटक्या मोजतात.

उच्चाराची एक बारीक गोष्ट. नदीच्या गाण्यात ‘जळ’ आणि ‘निर्मळ’ टाळता येत नाहीत, आणि ळ हे अक्षर समूहाला फार जड जाते. पन्नास जिभा पन्नास क्षणी उलटतात, ऐकणाऱ्याला चिखल ऐकू येतो. आधीचा अकार लांबवावा आणि ळ नेमक्या मात्रेवर, सगळ्यांनी एकदम सोडावा. स आणि श यांचा फुसकारा माइकवर दुप्पट होतो, तो पहिल्या रांगेतल्या चार-पाच जणांनीच करावा. बाकीच्यांनी नुसता स्वर.

माइकची गरज असेलच तर पन्नास जणांना चार कंडेन्सर (दुरूनही आवाज टिपणारे) माइक पुरतात. पहिल्या रांगेपुढे तीन फूट आणि डोक्यांच्या थोडे वर. दोन माइकमधले अंतर नऊ फूट, म्हणजे गायकापासूनच्या अंतराच्या तिप्पट. त्याहून जवळ ठेवले की एकच आवाज दोन माइकांत थोड्या फरकाने शिरतो आणि पोकळ होतो. हातात माइक घेऊन पुढे उभे राहणारे चार ‘मुख्य’ गायक असले की ते समूहगान राहत नाही. नदीवर वारा असतोच, फोमच्या टोप्या विसरू नयेत. तीस मीटरवर दुसरे स्पीकर लावले तर त्यांना 90 ते 100 मिलिसेकंदांचा विलंब द्यावा, नाहीतर मागच्या लोकांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. वस्तीत दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, तेव्हा छातीत धडधडणारे बेस बॉक्स तसेही आणू नयेत. विजेचा बोर्ड सगळ्यात वरच्या पायरीवर, 30 मिलिअँपिअरच्या ईएलसीबीसह, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचसह. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, घाटाच्या वळणापलीकडे.

पाण्याचीही चौकशी करावी लागते. वरच्या अंगाला धोम धरण आहे. पाऊस नसतानाही नदीत पाणी सोडले जाते, आणि 500 क्युसेक म्हणजे सेकंदाला चौदा हजार लिटर. खालच्या पायऱ्या गेल्या की गायकांच्या तीन रांगांचे गणित कोसळते. कार्यक्रमाची तारीख पक्की करण्याआधी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाणी सोडण्याच्या पाळीच्या, तारखा विचाराव्यात. शेवाळ काथ्याच्या ब्रशने आणि वाळूने दोन दिवस आधी घासावे म्हणजे दगड वाळतो. ब्लीचिंग पावडर नको, ती नदीतच जाते. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्यापासून दूर जागा घ्यावी, त्या खळखळाटात शब्द बुडतात.

आणि दिवे. हजार दिवे सोडायचे, प्रत्येकात दहा मिलिलिटर तेल, म्हणजे नदीत दहा लिटर तेल. थर्माकोलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचा पापुद्रा लावलेले ‘पानांचे’ द्रोण वेगळेच. दिवे पायऱ्यांवर लावावेत, दुसऱ्या दिवशी उचलून नेता येतात. गायकांवरचा प्रकाश पिवळा आणि बाजूने असावा. पांढऱ्या झोतात किडे येतात, आणि समूहगायक तोंड उघडून उभा असतो.

शेवटच्या दोन तालमी घाटावर, त्याच वेळेला घ्याव्यात. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मनोगते आणि आभार हे सगळे सूर्य मावळण्याआधी उरकून घ्यावे. पाहुण्यांच्या भाषणाला दवाने काही होत नाही, तबल्याला होते.

आपले,
समूहगान बसवणारे काही वाचक,
वाई, जि. सातारा