आपत्तीचा आराखडा शंभर शब्दांत?

मा. संपादक,
स. न.

वार्षिक सर्वसाधारण सभांच्या दिवसांत कंपन्यांचे अहवाल हाती येतात. मी ते वाचतो. शाश्वततेची पाने दरवर्षी वाढत आहेत. सौरऊर्जा, पाण्याचा पुनर्वापर, झाडे, हे सगळे हवेच आहे. पण करोनासारखी साथ पुन्हा आली, तर कंत्राटी कामगारांच्या पगाराचे काय आणि बंद कारखान्यातल्या धोकादायक टाक्यांवर लक्ष कोण ठेवणार, याचा उल्लेख त्या पानांत क्वचितच दिसतो. माझ्या मते शाश्वततेची सुरुवातच तिथून व्हायला हवी.

मे २०२० मधले लागोपाठचे दोन दिवस आठवावेत. ७ मेच्या पहाटे विशाखापट्टणमच्या एलजी पॉलिमर्स कारखान्यातून स्टायरिनची वाफ बाहेर पडली आणि १२ जणांचा जीव गेला. टाळेबंदीत उत्पादन थांबले होते, टाकीतले स्टायरिन मात्र तिथेच होते. हे रसायन थंड ठेवावे लागते आणि ते आपोआप घट्ट होत तापू नये म्हणून त्यात रोधक द्रव्य राखावे लागते. आंध्र सरकारच्या उच्चाधिकार समितीने नेमक्या याच गोष्टींतल्या हलगर्जीवर बोट ठेवले. कारखाना बंद असला तरी देखभाल बंद ठेवता येत नाही, हे रसायन उद्योगातल्या कुणालाही सांगावे लागू नये.

दुसऱ्या दिवशी, ८ मेच्या पहाटे, आपल्या जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद उद्योगात राबणारी ही माणसे मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी निघाली होती. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र मराठवाड्यात कुणी विसरलेले नाही. केंद्राने २९ मार्चलाच टाळेबंदीतला पगार न कापण्याचा आदेश काढला होता. मे महिन्याच्या मध्यात तो मागे घेतला गेला.

त्याच काळात सामाजिक दायित्वाचा पैसा वाहत होता. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. २३ मार्च २०२० रोजी करोनावरचा खर्च त्यात धरला गेला, पाठोपाठ पीएम केअर्सची देणगीही. मास्क, व्हेंटिलेटर, अन्नधान्य यांना मदत झाली, ती मोलाचीच होती. पण कंपनी व्यवहार मंत्रालयाने एप्रिलमध्ये एक गोष्ट स्पष्ट केली होती, तिच्याकडे फार कमी लोकांचे लक्ष गेले. टाळेबंदीतला पगार सामाजिक दायित्वात धरता येणार नाही, कारण तो देणे हे मालकाचे नैतिक कर्तव्य आहे. रोजंदारी आणि हंगामी कामगारांना पगाराच्या वर दिलेली मदत तेवढी, एक वेळची सवलत म्हणून, मोजता येणार होती. मंत्रालयाने लावलेला हा क्रम मला अगदी योग्य वाटतो. आधी फाटकाच्या आतला माणूस, मग बाहेरचे दान.

‘उत्पन्नच नव्हते, तर पगार कुठून द्यायचा?’ हा प्रश्न लहान कारखानदाराच्या तोंडी खरा आहे. म्हणूनच मोठ्यांनी त्याची थकलेली बिले आधी चुकवायला हवी होती. हे अशक्य नव्हते. युनिलिव्हरने मार्च २०२० मध्येच ५० कोटी युरोंची तरतूद जाहीर केली. लहान पुरवठादारांना लवकर पैसे आणि अडचणीतल्या लहान दुकानदारांना उधारीची सवलत, असे तिचे स्वरूप होते. शिवाय आपल्या आवारात काम करणाऱ्या कंत्राटी माणसांसह सर्वांचे उत्पन्न तीन महिन्यांपर्यंत अचानक घटू देणार नाही, अशी हमीही दिली. ज्यांची तिजोरी भरलेली होती अशा आपल्याकडच्या कंपन्यांनाही हे जमण्यासारखे होते.

आता मुद्दा आजचा. २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबी या बाजार नियामक संस्थेच्या नमुन्यात व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल द्यावा लागतो. त्यात कायम आणि बिगर-कायम कामगारांची संख्या वेगवेगळी विचारली जाते, हे चांगलेच आहे. आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा आहे का, हाही प्रश्न आहे. पण तो पर्यावरणाच्या भागात, ऐच्छिक प्रश्नांमध्ये ठेवलेला आहे आणि त्याचे उत्तर शंभर शब्दांत किंवा नुसत्या वेबसाइटच्या दुव्याने भागते! महामारीतून गेलेल्या देशात हा प्रश्न ऐच्छिक का असावा?

सेबीने तो सक्तीचा करावा. उत्पादन थांबल्यावर घातक रसायनांची देखभाल कोण करणार, ठेकेदाराच्या माणसांना किती आठवडे पगार मिळणार, त्यांच्या राहण्या-खाण्याची आणि उपचारांची सोय कुठे, लहान पुरवठादारांची देणी किती दिवसांत चुकती होणार, एवढे तरी त्यात लेखी मागावे. ते होईपर्यंत वाट पाहण्याचेही कारण नाही. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांना सर्वसाधारण सभेत संचालकांना प्रश्न विचारता येतात, आणि सभा आता ऑनलाइनही होतात. यंदा हेच चार प्रश्न तिथे विचारावेत, अशी वाचकांना कळकळीची विनंती.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर