पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र: छत्रपती संभाजीनगरला एक अख्खा दिवस द्या

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय: छत्रपती संभाजीनगर शहरात गाईडसह दिवसभराची शहर-सहल सुरू करण्याबाबत.

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. त्यामुळे लेण्यांसाठी दूरवरून आलेल्या पाहुण्याच्या हातात अनेकदा आमच्या शहरात एक रिकामा दिवस उरतो. त्या दिवसाचे होते काय? बीबीच्या मकबऱ्यासमोर फोटो, पाणचक्कीवर थोडा वेळ, एखाद्या दुकानात पैठणी बघणे आणि संध्याकाळची गाडी. ज्यांना तेवढाही वेळ नसतो, त्यांना देवगिरी, भद्रा मारुती, घृष्णेश्वर, वेरूळ आणि शेवटी अंधार पडता पडता मकबरा असे सगळे एकाच दिवसात उरकून दिले जाते. राज्याने २०१० साली ज्या शहराला पर्यटनाची राजधानी म्हटले, ते शहर पाहुण्याला बसच्या खिडकीतून दिसते.

माझी मागणी एकच आहे. या शहराला सकाळी शहरालगतच्या बौद्ध लेण्यांपासून रात्री गुलमंडीच्या बाजारापर्यंत एक पूर्ण दिवस मिळावा. बरोबर शिकलेला गाईड असावा, तिकीट परवडणारे असावे, आणि माणूस आला की सहल निघतेच एवढी खात्री असावी. इथले इतिहासप्रेमी स्वतःच्या हौसेने अधूनमधून वारसाफेऱ्या काढतात. त्यांचे काम मोलाचे आहे. पण अकोल्याहून किंवा ओसाकाहून आलेल्या माणसाच्या नशिबी नेमका तो रविवार येईलच असे नाही.

अर्धा दिवस पुरणार नाही, पूर्णच का हवा, हे सांगण्यासाठी मी भडकल गेट निवडेन. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी गावी राजधानी वसवली आणि दोनच वर्षांत मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून हा दरवाजा उभारला. अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेला, हात बदलत बदलत दख्खनेत आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. भातवडीच्या लढाईत १६२४ मध्ये शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आज त्याच भडकल गेटपाशी बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. विकत घेतलेल्या एका माणसाने हे शहर वसवले. आणि ज्यांना शाळेत वेगळे बसवले गेले, त्यांनी १९५० मध्ये याच शहरात मराठवाड्यातल्या गोरगरीब पोरांसाठी महाविद्यालय काढले. दोघांची आठवण एका चौकात उभी आहे. गाईड नसेल, तर बाहेरून आलेल्याला तिथे फक्त वाहतुकीची कोंडी दिसते.

दिवसाची सुरुवात शहराच्या उत्तरेला डोंगरातल्या बौद्ध लेण्यांपासून करावी. पायऱ्या चढून जायचे असल्याने उन्हाच्या आधीची वेळ बरी. अजिंठा-वेरूळच्या सावलीत या लेण्यांकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. बहुतेक लेणी सहाव्या-सातव्या शतकातली, चैत्य त्याहून जुना. तिसऱ्या लेण्यात गुडघे टेकून बसलेले उपासक आहेत, जवळजवळ माणसाच्या आकाराचे. सातव्यात संकटांतून माणसांना सोडवणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आहे, आणि आत गाभाऱ्यात एक नर्तकी, तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये घेतलेल्या बायका. तिथून मागे वळून पाहिले की मकबऱ्याचा घुमट आणि खाली पसरलेले सगळे शहर एका नजरेत येते. गाईडने दिवसाचा नकाशा इथेच उलगडावा.

खाली उतरताना सोनेरी महाल लागतो. तो बांधला ओर्च्छाच्या बुंदेला सरदाराने, आणि आजूबाजूचा भाग त्याच्या नावाने पहाडसिंगपुरा झाला. बिकानेरच्या राजा कर्णसिंहामुळे कर्णपुरा, त्याचा मुलगा पदमसिंह याच्यामुळे पदमपुरा. कर्णपुऱ्याच्या देवीला नवरात्रात अर्धे शहर पायी जाते. राजस्थानच्या राजाने बसवलेली तुळजाभवानी आमची कधी झाली, हे कोणाला आठवतही नाही. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे भोसले घराण्यातल्या पुरुषांवरून पडली, असे सांगतात. म्हणजे इथे रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही माणूस सतराव्या शतकातून जातो.

पुढे विद्यापीठाचे प्रवेशद्वार. इथे बस थांबलीच पाहिजे, हा माझा आग्रह आहे. नामविस्तारासाठी सोळा वर्षे लढा चालला, माणसे मेली, घरे जळली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव लागले. दर वर्षी त्या दिवशी गावोगावची माणसे पोराबाळांसह या कमानीपुढे येतात, नतमस्तक होतात, पुस्तके विकत घेतात आणि परततात. पर्यटन खात्याच्या कोणत्याही माहितीपत्रकात मला हे द्वार वारसास्थळ म्हणून दिसलेले नाही. चारशे वर्षांपूर्वीचे तेवढेच ऐतिहासिक आणि तीस वर्षांपूर्वीचे नाही, असे मानून हे शहर दाखवता येणार नाही.

मकबऱ्याविषयी थोडे सांगतो, कारण तिथे सर्वाधिक अन्याय होतो. येणाऱ्याला पहिल्या वाक्यातच 'गरिबांचा ताज' असे सांगितले जाते, आणि मग तो सगळा वेळ आग्र्याशी तुलना करत फिरतो. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम १६५७ मध्ये वारली, त्यानंतर ही कबर बांधली गेली. मुख्य दरवाजावर बांधणाऱ्यांची नावे आहेत: अताउल्ला आणि हंसपत राय. संगमरवर खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला. बाकीचे काम आमच्या काळ्या बेसॉल्टचे, वर चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्यातली वेलबुट्टी हातभर अंतरावरून पाहावी, इतकी नाजूक आहे. दख्खनच्या दगडावर कारागिरांनी काय साधले, हे दाखवले की आग्र्याचे नाव काढायची गरज उरत नाही.

आणि मग पाणी. महोदय, या सहलीचा कणा पाण्याचा असावा असे मला वाटते. मलिक अंबरने डोंगराच्या पायथ्याचे झरे जमिनीखाली अडवले, बोगद्यासारख्या नहरींतून ते पाणी शहराकडे आणले आणि पुढे मातीच्या नळांनी हौदाहौदांत पोहोचवले. मधे मधे उंच खांब बांधले. पाणी त्यांत वर चढते, कोंडलेली हवा बाहेर जाते आणि पुढचा दाब टिकून राहतो. ना पंप, ना वीज. सगळी करामत उताराची. पुढच्या पिढ्यांनी आणखी नहरी काढल्या. बेगमपुऱ्याचा थत्ते हौद त्यांपैकीच. पाणचक्कीचे पाणी हर्सूलच्या बाजूने येते, भिंतीवरून हौदात कोसळते आणि खाली जात्याचे पाते फिरवते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी इथे दळण होत असे. त्या मोठ्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत आहे. वर पाणी आणि खाली खांबांच्या ओळींत गारवा, हे बहुतेक लोक न पाहताच परततात. आज याच शहरात जायकवाडीचे पाणी काही दिवसांच्या अंतराने घरात येते. ड्रम भरून ठेवणारी आमच्या शहरातली मुले ही नहर पाहतील, तेव्हा त्यांना इतिहासाचा तास वेगळा सांगावा लागणार नाही. म्हणून ही सहल बाहेरच्या पाहुण्यांइतकीच जिल्ह्यातल्या शाळांसाठी असावी. एसटीने येणाऱ्या शालेय सहलींना सवलतीचे तिकीट आणि मराठी बोलणारा गाईड मिळावा.

दुपारचे जेवण हाही सहलीचाच भाग. तुघलकाच्या फौजेबरोबर नान-खलिया इथे आला असे सांगतात. हळदीच्या रंगाचे तंदुरी नान आणि मोठ्या देगेत शिजलेला रस्सा या शहराबाहेर असा मिळत नाही. शाकाहारी पाहुण्याला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, धपाटे मिळावेत. महिला बचत गटांना हे काम द्या. हॉटेलातल्या पनीरसाठी कोणी इतक्या लांबून येत नाही.

दुपारनंतर बस सोडून पायी चालावे. सिटी चौक, सराफा, गुलमंडीचा सुपारी हनुमान, राजाबाजारचा संस्थान गणपती (विसर्जनाची मिरवणूक याच्या आरतीने निघते), शायिस्तेखानाची १६६५ ची चौक मशीद, शहागंजचे घड्याळ. याच गल्ल्यांच्या शहरात वली आणि सिराज हे दख्खनचे मोठे उर्दू शायर घडले. सिराजची एखादी गझल तिथेच कोणी वाचून दाखवली तर किती बरे होईल. हिमरूचा माग चालताना पाहायला मिळावा. सुती ताण्यावर रेशमी बुट्टी उठवणारे विणकर आता थोडेच उरले आहेत, आणि कमी किमतीच्या यंत्रमागाच्या कापडापुढे त्यांचा टिकाव लागत नाही. सहलीतल्या प्रत्येक तिकिटातून ठरावीक रक्कम त्या मागावर बसणाऱ्याला थेट मिळावी, दुकानदारामार्फत नव्हे. परतताना क्रांती चौकातला काळा चबुतरा दाखवावा. १८५७ मध्ये बंड केलेल्या इथल्या शिपायांना तिथे मृत्युदंड दिला गेला. आणि १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, तेव्हा उर्वरित देश स्वतंत्र होऊन वर्ष उलटून गेले होते, हे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना जरूर सांगावे. अनेकांना ते खरोखर ठाऊक नसते.

आता थोडे स्पष्ट लिहितो. या शहराचा इतिहास सांगताना प्रत्येक जण आपल्याला नको तो थर खरवडून टाकतो. हे शासकीय सहलीत होता कामा नये. ज्या औरंगजेबाच्या बायकोची ही कबर, त्यानेच १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हाल हाल करून हत्या केली, हे मकबऱ्यासमोर उभे राहून स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे. कोवळ्या वयातले संभाजीराजे १६६७-६८ मध्ये याच शहरात औरंगजेबाचा मुलगा शहजादा मुअज्जम याच्याकडे मनसबदार म्हणून आले होते, हेही सांगावे. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर ही चारही नावे त्या त्या काळासह यावीत. ऐकणारे सुजाण असतात. अर्धे ऐकवले तर त्यांना ते कळते.

हे सगळे गाईडवर अवलंबून आहे. त्यासाठी बाहेरची कंपनी आणू नका. विद्यापीठात इतिहासाचा विभाग आहे, नागसेनवनात महाविद्यालये आहेत, जुन्या शहरात पदवी घेऊन बसलेली मुले-मुली आहेत. बेगमपुऱ्यातली मुलगी बेगमपुरा दाखवेल, गुलमंडीतला मुलगा गुलमंडी. त्यांना काही महिन्यांचे कसून प्रशिक्षण द्या, पुराव्यानिशी बोलायला शिकवा, आणि ठरावीक मानधन द्या, म्हणजे दुकानातल्या कमिशनवर त्यांचे घर चालणार नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी तर हवीच. बौद्ध लेण्यांमुळे जपानहून लोक येतात, तेव्हा जपानी बोलणारे दोघे-तिघेही तयार व्हावेत.

सोयींची यादी वाढवत नाही. प्रत्येक थांब्यावर स्वच्छ स्वच्छतागृह, विशेषतः बायकांसाठी, आणि प्यायचे पाणी हवे. जुन्या गल्ल्यांत मोठी बस जात नाही, तिथे ज्येष्ठांसाठी बॅटरीवरची छोटी गाडी हवी. नवे कारंजे, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट यांवर खर्च नको. तोच पैसा दरवाजांच्या डागडुजीवर आणि त्यांच्या कमानींतून होणारी वाहतूक वळवण्यावर लावा. बावन्न दरवाजांचे शहर म्हणवतो, पण उभे आहेत ते मोजकेच.

सुरुवात मोठी नको. येत्या ऑक्टोबरपासून फक्त सोमवार आणि मंगळवार, एक छोटी बस, दोन गाईड. सहा महिने चालवून पाहा, आलेल्यांची मते घ्या, मग दिवस वाढवा. त्याआधी एकदा आपण स्वतः या मार्गाने चालावे, अशी विनंती आहे. ताफा, सत्कार, हारतुरे यांपैकी काही नको. सकाळी सहाला लेण्यांच्या पायथ्याशी यावे. मार्गाचा नकाशा, थांबे आणि वेळा मी लिहून तयार ठेवल्या आहेत. आपल्या कार्यालयाने तारीख कळवावी.

आपला विश्वासू,
छत्रपती संभाजीनगरचा एक रहिवासी