डडलीची टेकडी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

"तुमच्या डडलीत बघण्यासारखं आहे तरी काय?" असं बाबांनी विचारलं होतं. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इंग्लंडमधल्या या आमच्या गावात रेन्स नेस्ट नावाची टेकडी आहे. चहूबाजूंनी वस्ती आणि मधोमध ही चुनखडीची टेकडी. बाबा, तिचा दगड शेकडो वर्षं इथल्या लोखंडाच्या भट्ट्यांत गेला. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नंदिनीच्या खाणीतून तुमच्या ब्लास्ट फर्नेसला यायचा, तसाच. खनिजातला गाळ ओढून त्याची स्लॅग, म्हणजे वितळलेली मळी, करायचं काम तेच. सगळी टेकडी आतून पोखरलेली आहे. त्या बोगद्यांत आता वटवाघळं राहतात.

नंदिनीचा दगड मात्र शिंपल्या-कवचांचे प्राणी यायच्या आधीचा, त्यात असलं काही मिळायचं नाही. इथे पायाखाली तेच. साधारण ४२-४३ कोटी वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला, उथळ उबदार समुद्राच्या तळाशी होती. (आज इथे छत्रीशिवाय बाहेर पडवत नाही, ते सोडा.) एका मोठ्या तिरप्या कातळावर त्या तळाच्या वाळूतल्या लाटांच्या वळ्या जशाच्या तशा आहेत. दगड हातात घेतला की पोवळी दिसतात, शिंपले दिसतात. सी लिली नावाच्या प्राण्याच्या देठाच्या चकत्या तर कितीतरी, मधोमध भोक असलेल्या, तुटलेल्या तुळशीमाळेच्या मण्यांसारख्या.

मानाचा प्राणी म्हणजे ट्रायलोबाइट, समुद्रातला, आता नामशेष झालेला. पाठीवर आडव्या पट्ट्या, भीती वाटली की अंग गुंडाळून घ्यायचा. खाणकामगारांनी त्याला 'डडली बग' करून टाकलं आणि पुढे तो गावाच्या मानचिन्हावरही चढला. आई, तुझ्या देवघरातला शाळिग्रामही जीवाश्मच, पण वयाने या किड्याच्या निम्म्याहून लहान!

१९५६ साली ही जागा राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र झाली. भूशास्त्रासाठी राखलेली ब्रिटनमधली ही पहिलीच. हातोडी चालवायला सक्त मनाई. मला ते पटतं. एवढीशी टेकडी, प्रत्येकाने एकेक टवका काढला तर उरायचं काय?

जूनमध्ये या. पायऱ्या बऱ्याच आहेत, पण आईच्या गुडघ्याला झेपेल एवढंच चढू. बाबा, पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, व्हिसाचे फॉर्म मी भरते. आणि येताना मेतकूट आणाच.

तुमची,
रेवा